आशाताईचा दिवस

पहाटे 5.30
वस्तीवरून फोन येतो. “ताई, पोरीच्या पोटात लई दुखून राह्यलं. डोळेही उघडून नाई राह्यली.” जाऊन बघते. पोरगी रात्री जमिनीवर झोपलेली, अंगावर चाव्याची खूण कुठेच नाही. तरी मला एवढं पुरतं. मण्यार रात्रीच अंथरुणात शिरते, चावली तरी बरेचदा कळत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास अडकतो.

आजी म्हणते, आधी महाराजाकडे नेऊ. “महाराजांना दवाखान्यातच बोलवा आजी,” म्हणत मी 108 ला फोन लावते. पण चिखलात गाडी फाट्यापुढे येणार नाही. पोरीला मोटरसायकलवर दोघांच्या मधे धरून बसवतो. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, वेळ घालवायचा नाही.

सकाळी 7
प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तिच्या पापण्या बघतात, सापाची वाट पाहत बसत नाहीत. प्रतिविषाच्या 10 कुप्या सलाईनमधून सुरू होतात, मग ऑक्सिजन लावून तिला यवतमाळला पाठवतात. 2000 ते 2019 या काळात देशात सापाच्या चाव्याने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे, असा केंद्राचा 2024 चा आराखडा सांगतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. माणूस तिथवर वेळेत पोचवणं हे गावाचं काम आहे.

सकाळी 9.30
कपाशीत फवारणी चालू आहे. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचं मिश्रण, उघडं तोंड. म्हणून मी धुऱ्यावर उभी राहून तेच तेच सांगते. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. तोंडाला रुमाल, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. पंप खांद्यावर असताना खर्रा नाही. घरी गेल्यावर आधी साबणाने आंघोळ, मग लेकराला जवळ घ्या. एकाने मळमळतंय म्हटलं. त्याचे कपडे बदलले, आंघोळ घातली, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घेतला आणि त्याला दवाखान्यात धाडलं.

दुपारी 12
बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करताना खाटेखाली नजर जाते. अर्धा भरलेला कीटकनाशकाचा डबा. इथे रांगत्या लेकराचा हात पोचतो आणि रागाच्या भरात मोठ्याचाही. रागाचा तो एक तास टळला, तर पुष्कळदा माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. आमच्या हातात कुलूप आहे. डबा गोठ्याच्या पेटीत जातो, किल्ली आजीच्या कमरेला. भिंतीवर 14416 हा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक लिहून देते.

दुपारी 2.30
यवतमाळहून निरोप येतो, पोरीने डोळे उघडले.

त्याच वेळी एक सून रक्तदाब तपासायला आली आहे. दंडावर निळे-पिवळे वळ, म्हणजे काही अलीकडचे, काही जुने. सासू सोबत आहे, म्हणून काही विचारत नाही. सासूला नाव लिहायला अंगणवाडीत पाठवते, मग हळूच म्हणते, “घरी कोणी मारतं का?” ती बराच वेळ पट्ट्याकडे बघते आणि मान हलवते. मी सांगते, चूक तुझी नाही. घरातल्या मारहाणीविरुद्धचा 2005 चा कायदा तुझ्या बाजूने आहे, संरक्षण अधिकारी आहेत, 181 या महिला हेल्पलाइनवर केव्हाही फोन लागतो. आधार कार्ड आणि थोडे पैसे विश्वासाच्या घरी ठेव. दवाखान्यात मार कोणी दिला ते कागदावर लिहून घ्यायला सांग. तक्रार कधी करायची हे तिनेच ठरवायचं, मी घाई केली तर मार तिला पडेल. मुंबईत भाभा रुग्णालयात मार खाणाऱ्या बायकांसाठी चालणाऱ्या ‘दिलासा’ केंद्राने दाखवून दिलं, की हा प्रश्न पोलिसांइतकाच दवाखान्याचाही आहे. मग तो आशाचाही आहे.

संध्याकाळी 6
ग्राम आरोग्य समितीची बैठक. कोणीतरी म्हणतं, “पोरीचं नशीब चांगलं.” मी उठून बोलते. नशीब कसलं? जमिनीवरचं अंथरूण, न खोचलेली मच्छरदाणी, फाट्यापर्यंतच येणारा रस्ता, बिनकठड्याची विहीर, दारूच्या दुकानासमोरचा अंधार. कोण कुठे, कोणत्या वेळी जखमी होतं हे गावाला तोंडपाठ आहे. मग अडवणंही गावालाच जमेल.

वाद होतो, पण तीन गोष्टी कागदावर येतात. विहिरीला कठडा. दुकानासमोर दिवा. आणि रात्री गाडी काढायची झाली तर कोणी काढायची, त्यांची नावं आणि फोन क्रमांक. सरपंच सही करतात. यादी उद्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, आणि कठड्याची वीट पडेपर्यंत मी दर बैठकीत विचारत राहीन.