विंचवाचे बिऱ्हाड आणि संगणकांचे जाळे

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. पण या विषयाकडे मी पुस्तकातून वळले नाही. एका भरकटलेल्या पत्रामुळे वळले. तेवढे आधी सांगते.

माझे वडील बँकेत. बदली म्हणजे आमच्या घरचा ऋतुपालटच. बार्शीहून आम्ही कऱ्हाडला गेलो आणि २०१८ साली पुन्हा बार्शीला आलो. मात्र या खेपेस दुसऱ्या आळीत, दुसऱ्या घरात. त्याच सुमारास ताईला एका शिक्षणसंस्थेकडून मुलाखतीचे पत्र निघाले. तिने नाव नोंदविले होते ते आम्ही पहिल्या घरी असताना, त्यामुळे पत्र गेले तिकडे. तिथल्या शेजारणीने मोठ्या अगत्याने त्यावर आमचा कऱ्हाडचा पत्ता लिहून ते पुन्हा टपालात टाकले. कऱ्हाडच्या घरमालकांनी तितक्याच अगत्याने ‘बार्शीस परत गेले’ असे लिहून पाकिटावरचा मूळ पत्ता अधोरेखित केला. पत्र पुन्हा शेजारणीच्या दारात! अखेर तिचा मुलगा बाजारात वडिलांना भेटला, तेव्हा उलगडा झाला. मुलाखत होऊन अकरा दिवस लोटले होते.

दिवाळीच्या सुट्टीत आमचा चुलतभाऊ आला होता. तो पुण्याला संगणकशास्त्र शिकतो. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, “अगं, या दुखण्यावर सिॲटलच्या मंडळींनी केव्हाच औषध काढलंय.” ताई चिडून आत निघून गेली. मी मात्र त्याच्यापाशी बसले आणि त्यानंतर वर्षभर या विषयाचे जे मिळेल ते वाचत राहिले.

आजचे प्रोग्राम पुष्कळदा ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या लहान लहान घटकांचे बनलेले असतात. ऑब्जेक्ट म्हणजे थोडी माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया, एकाच गाठोड्यात बांधलेल्या. बँकेतले एक खाते घ्या. शिल्लक ही त्याची माहिती. पैसे भरणे, काढणे या त्याच्या क्रिया. सगळे ऑब्जेक्ट एकाच यंत्रात असतील तर प्रश्न नाही. परंतु जाळ्याने जोडलेल्या दहा यंत्रांवर ते विखुरलेले असले, म्हणजे एका यंत्रातला ऑब्जेक्ट दुसऱ्या यंत्रातल्या ऑब्जेक्टला वारंवार हाका मारू लागतो, आणि ही लांबची हाक फार महाग पडते. वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सिॲटल येथे, १९८० नंतरच्या दशकात एरिक जूल, हेन्री लेव्ही, नॉर्मन हचिन्सन व अँड्र्यू ब्लॅक यांनी ‘एमराल्ड’ नावाची भाषा व प्रणाली तयार केली. तिच्यात घरातल्या घरात मारलेल्या हाकेपेक्षा जाळ्यावरून मारलेल्या हाकेला हजारपटीहून अधिक वेळ लागे. मग रोज शंभर निरोप धाडण्यापेक्षा ऑब्जेक्टनेच बिऱ्हाड का हलवू नये?

चालू असलेला अख्खा प्रोग्राम एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. एमराल्डचे वैशिष्ट्य हे, की अगदी चिमुकला ऑब्जेक्टसुद्धा एकट्याने स्थलांतर करू शके. १९८८ साली त्यांनी याविषयी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यातले गणित मला सगळे समजले असे नाही; पण बिऱ्हाड हलविण्यातल्या अडचणी समजायला मला गणित कशाला हवे!

पहिली अडचण सामान बांधण्याची. ऑब्जेक्टच्या माहितीत नुसते आकडे नसतात, ‘अमुक गोष्ट स्मृतीतल्या तमुक जागी आहे’ अशा खुणाही असतात. नव्या यंत्रात त्या जागी भलतेच काही असणार. ‘मीठ डावीकडच्या फळीवर’ हे जुन्या स्वयंपाकघरात खरे होते, नव्यात नाही. म्हणून गाठोड्यातली प्रत्येक खूण शोधून बदलावी लागते. एमराल्डमध्ये खुणा कुठे आहेत याचा तक्ता भाषांतर करणारा प्रोग्रामच आधी करून ठेवी. त्याहून नाजूक गोष्ट अशी, की हलविण्याच्या क्षणी ऑब्जेक्टचे काम अर्ध्यावर असू शकते. ते अर्धे काम, कुठवर आले होते त्या नोंदीसह, बरोबर न्यावे लागते. फोडणी करपू न देता कढई एका चुलीवरून दुसरीवर ठेवावी तसे. एमराल्डला हे साधले होते. जे नेहमी एकत्र लागतात ते ऑब्जेक्ट एकमेकांना जोडून ठेवण्याची सोय होती, आणि ज्याने हलायचेच नाही त्याला खिळवून ठेवण्याचीही.

दुसरी अडचण आमच्या ताईची. ऑब्जेक्ट गेला, पण त्याचा जुना पत्ता जवळ बाळगणारे जाळ्यात जागोजाग आहेत. प्रत्येक स्थलांतराच्या वेळी या सर्वांना शोधून कळवायचे म्हटले तर हलण्याचा फायदाच संपला. म्हणून जुन्या जागी फक्त एक चिठ्ठी ठेवायची, ‘पुढे अमक्या यंत्राकडे जा’. पण नुसत्या चिठ्ठ्यांनी काय होते ते आम्ही भोगले आहे. एमराल्डच्या चिठ्ठीवर यंत्राच्या नावाशेजारी एक क्रमांकही असे. ऑब्जेक्ट दर वेळी हलला की क्रमांक एकाने वाढे. दोन चिठ्ठ्यांत विसंगती आली तर मोठ्या क्रमांकाची खरी, आणि लहान क्रमांकाच्या ठिकाणी लगेच नवी नोंद करायची. कऱ्हाडच्या घरमालकांना ‘ही बदली क्रमांक दोन’ एवढे लिहिता आले असते आणि बार्शीच्या शेजारणीला ‘माझ्याकडची खबर बदली क्रमांक एकची’ हे ठाऊक असते, तर पत्र घेऊन ती कऱ्हाडचा पत्ता लिहायला न बसता आमची चौकशी करीत फिरली असती. चिठ्ठ्यांचा माग तुटलाच, तर एमराल्ड सगळ्या यंत्रांना एकदम हाक देऊन विचारी, ‘हा तुमच्याकडे आहे का?’

इथे माझ्या विषयाचा एक प्रश्न डोकावतो. हललेला ऑब्जेक्ट तोच की दुसरा? प्रश्न पोकळ वाटेल, पण त्यावर पैसे बुडू शकतात. जावा भाषेत १९९७ पासून दूरच्या यंत्राशी बोलण्याची सोय अंगभूत आली. तिच्यात साधा ऑब्जेक्ट दुसऱ्या यंत्राकडे पाठविला, की त्याची प्रत जाते आणि मूळ जागच्या जागी राहते. ते खाते असेल तर आता दोन खाती झाली, आणि एकातून काढलेले पैसे दुसऱ्याला माहीत नाहीत. स्थलांतर निराळे आणि नक्कल निराळी. स्थलांतरात ऑब्जेक्टचे नाव जाळ्यात एकच राहते आणि त्या नावाने हाक मारली असता ओ देणाराही एकच असतो. प्राध्यापक मंडळींनी याहून चांगली व्याख्या सांगितल्यास मी ऋणी राहीन.

आता इतके जमल्यावर जवळ-दूर हा भेदच पुसून टाकावा, असा मोह होतो. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या जिम वॉल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका टिपणात याविरुद्ध बजावले. दूरच्या हाकेला वेळ अधिक लागतो हे तर झालेच. पण मुख्य म्हणजे अर्धे जाळे जिवंत आणि अर्धे मेलेले अशी अवस्था एका यंत्राच्या आत कधी येत नाही, जाळ्यात येते. उत्तर आले नाही, ते समोरचे यंत्र बंद पडले म्हणून, की निरोप वाटेत हरवला म्हणून, हे इकडच्याला कळण्याचा मार्ग नसतो. मला हे टिपण फार पटले.

परंतु बिऱ्हाड हलविण्याची कल्पना मागे पडली नाही. ती दुसऱ्याच एका कारणासाठी फोफावली, ते म्हणजे कामाची समान वाटणी. हजारो प्रोसेसर एकच गणित सोडवीत असतात, तेव्हा सर्वांत मागे पडलेल्यासाठी बाकीच्यांना थांबावे लागते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तोही असा अनेक प्रोसेसरांनी मिळून काम करणारा संगणक. हा प्रश्न अशा प्रत्येक यंत्राला असतो. लग्नघरी चौघींना कणकेचा एकेक मोठा गोळा दिला, तर जिचा हात जलद ती लवकर मोकळी होऊन बसते. तेच आधी लहान लहान उंडे करून ठेवले, तर संथ हाताच्या बाईच्या परातीतले चार उंडे उचलून दुसरीकडे देता येतात. इलिनॉय विद्यापीठातील लक्ष्मीकांत काळे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलेल्या आणि १९९३ साली प्रबंधरूपाने मांडलेल्या ‘चार्म++’ या प्रणालीचे हेच सूत्र आहे. प्रोसेसरांच्या संख्येहून कितीतरी अधिक ऑब्जेक्ट करायचे, कोणाला किती वेळ लागतो हे काम चालू असतानाच मोजायचे, आणि भार वाढला तिथले ऑब्जेक्ट रिकाम्या प्रोसेसरकडे हलवायचे. आत्तापर्यंत जो जड होता तो आणखी थोडा वेळ जडच राहील, हा त्यामागचा साधा भरवसा.

याच प्रणालीवर ‘नॅमडी’ नावाचा प्रोग्राम उभा आहे. रेणूंतल्या अणूअणूची हालचाल तो गणिताने दाखवितो. एड्सच्या विषाणूच्या कवचाची सुमारे ६ कोटी ४० लक्ष अणूंची घडण २०१३ साली प्रसिद्ध झाली, ती त्याच्या साहाय्याने. प्रथिनाच्या गर्दीत अणू दाटीने असतात, कडेच्या पाण्यात तेवढे नसतात; म्हणून समान आकाराचे तुकडे केले तरी काम समान होत नाही, आणि बिऱ्हाडे हलवावीच लागतात.

चार्म++ मधली पत्त्याची युक्ती मला एमराल्डपेक्षाही आवडली. प्रत्येक ऑब्जेक्टला त्याच्या क्रमांकावरून ठरणारा एक कायमचा प्रोसेसर नेमून दिलेला असतो. ऑब्जेक्ट तिथे राहात असेल वा नसेल, त्याचा सध्याचा ठावठिकाणा त्या प्रोसेसरला ठाऊक असतो. कोणालाच पत्ता माहीत नसला तर तिथे विचारायचे. चुलतभावाने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, “म्हणजे माहेरच की रे!” तो हसला, पण त्याला दुसरा शब्द सुचला नाही.

ताईला पुढल्या वर्षी दुसरीकडे नोकरी लागली. वडिलांची आणखी एक बदली झाली आहे. आता घरातल्या सगळ्यांच्या अर्जांवर आम्ही आजीच्या गावचा पत्ता घालतो. आम्ही कुठे आहोत हे कोणी विचारले तर तिला तोंडपाठ असते.