गंगाराम तांबट आणि वेरूळची मुद्राचित्रे : एक आढावा

प्रस्तावना :
धातूच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा शिळेवर आकृती तयार करून तिचे कागदावर ठसे घेणे, यास मुद्राचित्रण म्हणतात. मराठी मुलखाचा या कलेशी जो आरंभीचा संबंध आला, त्यात वेरूळला महत्त्वाचे स्थान आहे. प्रस्तुत लेखात त्या संदर्भात गंगाराम तांबट या चित्रकाराच्या कार्याचा आढावा घेतला आहे.

जीवन व कार्य :
पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तेथे शिकवीत असे. गंगाराम याच वर्तुळात घडला. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा रेखाटला. ड्यूरर या जर्मन कलावंताने १५१५ मध्ये गेंडा न पाहता, केवळ वर्णन व कच्च्या चित्रावरून आपले प्रसिद्ध काष्ठचित्र केले होते. गंगारामाने मात्र प्रत्यक्ष प्राणी पाहून चित्र काढले. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली.

वेरूळची मुद्राचित्रे :
१७९५ मध्ये वेल्सचे निधन झाले. त्याच्या वेरूळविषयक चित्रांवरून टॉमस डॅनिएलने लंडनमध्ये २४ मुद्राचित्रे तयार करून १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. या 'ॲक्वाटिंट' पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी तापवून चिकटवितात व पत्रा आम्लात ठेवतात. कणांमधील जागा खोदली जाऊन तेथे शाई धरते. आम्लाचा काळ कमीअधिक केल्यास छटा फिकट वा गडद होते. लेण्यांतील अंधार दाखविण्यास ही पद्धत विशेष अनुकूल ठरली. मात्र ग्रंथाच्या शीर्षकात वेल्स व डॅनिएल यांचीच नावे आली.

याच सुमारास नाना फडणवीसांनी एका तांबट कारागिराकडून भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून घेण्यास आरंभ केला. नानांच्या निधनानंतर, १८०५ मध्ये, मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने ती छापली गेली. तांब्यावर काम करणारे कुशल हात येथे होते, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :
वेरूळ मराठवाड्यात आहे. पण त्याची पहिली चित्रे काढणाऱ्यांपैकी एक असलेला मराठी कलावंत मराठवाड्यातच अपरिचित राहिला. लातूर जिल्ह्यातील खरोसा लेणी व नांदेड जिल्ह्यातील होट्टलची मंदिरे यांचे रेखांकन विद्यार्थ्यांकडून करून घेताना प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव नोंदविले जावे. गंगारामाच्या उपेक्षेपासून घ्यावयाचा हाच बोध होय.