संगणकाचा पितळी बिल्ला

बालदोस्तांनो, पूर्वी बँकेतून पैसे कसे काढत, ते आजोबांना विचारा बरं! खिडकीवर चेक दिला, की कारकून हातात नंबर कोरलेला पितळी बिल्ला ठेवायचा. बिल्ला म्हणजे पैसे नव्हेत. पैसे मिळणार आहेत, याची खूण. तो खिशात टाकून खुशाल बाकावर पेपर वाचत बसायचं. नंबर पुकारला, की उठायचं.

संगणकाच्या प्रोग्राममध्येही असा बिल्ला असतो. त्याचं नाव ‘फ्यूचर’. हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट या दोघांनी १९७७ साली आपल्या निबंधात हा शब्द वापरला. उत्तर अजून आलेलं नाही, पण येईल तेव्हा इथेच ठेवलं जाईल, असा हा रिकामा डबा म्हणा ना!

आणि नंबर पुकारणारा? तो ‘इव्हेंट लूप’. हा एकटाच कारभारी सारखा फेऱ्या मारतो. कुणाचं उत्तर आलं? कुणाची वेळ झाली? ज्याचं काम तयार, त्याला उठवतो. ते पुन्हा वाट पाहू लागलं, की पुढच्याकडे वळतो. पायथॉन भाषेत ही सोय २०१४ साली ‘असिंकआयओ’ या नावानं आली. पुढच्याच वर्षी ‘अवेट’ हा शब्द मिळाला. ‘मी थांबते, तोवर दुसऱ्यांचं चालू द्या’ असा त्याचा अर्थ.

माझ्या आठवीतल्या भाचीनं स्नेहसंमेलनासाठी प्रश्नमंजूषेचा प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर तीस सेकंदांचं घड्याळ, दोन गटांना दोन बटणं. आदल्या रात्री रडवेली होऊन म्हणाली, “मामा, घड्याळ मधेच अडकतंय!”

पाहतो तर काय, प्रश्नानंतर पाच सेकंद थांबायला तिनं साधी ‘स्लीप’ आज्ञा दिली होती. त्यामुळे प्रश्न थांबायच्याऐवजी कारभारीच झोपला! मग घड्याळ कोण हलवणार? तिथे असिंकआयओची स्लीप घातली, पुढे अवेट लिहिलं, आणि काटा सुरळीत फिरू लागला.

पण घड्याळ शून्यावर आलं तरी पुढचा प्रश्न येईना. कुणी बटणच दाबलं नाही, तर बिल्ल्यावर उत्तर येणार कुठून? प्रोग्राम आपला वाट पाहतोय! मग ‘वेट फॉर’ वापरून तीस सेकंदांची मुदत घातली. मुदत संपली, की बिल्ला रद्द.

तिसरी अडचण तिनं स्वतःच शोधली, मला सुचलीही नव्हती. दोन्ही गटांनी लागोपाठ बटण दाबलं तर? फ्यूचर एकदाच भरता येतं. दुसऱ्यांदा भरायला गेलं, की चूक दाखवून मोकळं होतं. म्हणून आधी ‘भरलं आहे का?’ असं विचारायचं, भरलं असेल तर दुसरं बटण सोडून द्यायचं.

रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं मुद्दाम एकदम बटणं दाबून पाहत होतो. दर वेळी एकाचंच नाव पडद्यावर येई. बहुतेक वेळा तिचंच!