छत्र्या मिटणारा बाजार

मुलांनो, भाजीवाल्या मावशींच्या पाटीवरून आख्खी आगगाडी गेली आणि पाटीतली वांगी जशीच्या तशी राहिली, असं कधी पाहिलंय तुम्ही? मी पाहिलं! माझ्या चौथीच्या वर्गाला एप्रिलमध्ये त्याचं चित्र दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, वांग्यांचं भरीत नाही का होत?" तो प्रश्न घेऊनच मी मे महिन्यात थायलंडला गेले. माझा दादा नोकरीनिमित्त बँकॉकला राहतो. वहिनींनी विचारलं, "काय काय बघायचंय?" मी म्हटलं, "राजवाडा नंतर बघू. आधी भरिताचा प्रश्न सोडवायचाय."

तो बाजार आहे समुत सोंगख्राम या प्रांतात. नाव अवघड वाटतं ना? जरा मोठ्याने म्हणून बघा. समुत म्हणजे आपला समुद्र आणि सोंगख्राम म्हणजे संग्राम! थाई भाषेत संस्कृत शब्द असे वेष बदलून हिंडत असतात. हा थायलंडमधला सर्वांत लहान प्रांत. तीनच तालुके आणि क्षेत्रफळ सुमारे ४१७ चौरस किलोमीटर. आपली मुंबई आणि तिची उपनगरं मिळून याहून मोठी भरतील. मे क्लोंग नावाची नदी इथे समुद्राला मिळते. तिथले लोक शहरालाही मे क्लोंगच म्हणतात. थाईमध्ये 'मे' म्हणजे आई आणि 'नाम' म्हणजे पाणी. नदीला शब्द आहे 'मे नाम', पाण्याची आई!

शनिवारी सकाळी दादा, वहिनी, माझा दहा वर्षांचा भाचा आणि मी असे चौघे निघालो. बँकॉकच्या वोंगवियन याई स्टेशनातून छोटी गाडी सुटते. तासाभरात ती महाछाईला पोचते. आणि गंमत म्हणजे तिथे रूळ संपतात! पुढे नदी आहे, ता चीन. रेल्वेचा पूल नाही. उतरायचं, बाजारातून चालत धक्क्यावर जायचं, तरीतून पलीकडे जायचं आणि बान लाएम स्टेशनात दुसरी गाडी पकडायची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कंपन्यांनी हे दोन तुकडे बांधले. किनाऱ्याची मासळी बँकॉकला पोचावी हा हेतू. नंतर कंपन्या एक झाल्या, पण रूळ काही जुळले नाहीत.

आता आमची फजिती ऐका. दुसरी गाडी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी होती. तिच्यानंतरची थेट दीड वाजता! महाछाईच्या बाजारात कोळंबी, खेकडे, माकूळ यांचे नुसते ढीग. मी किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली. मासळी दिसली की माझे पाय आपोआप थांबतात. "आत्या, चल ना!" असं भाचा तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला तेव्हा घड्याळ पाहिलं. तरीतून उतरून धावत स्टेशन गाठलं तर फलाटावर एक कुत्रं झोपलेलं आणि गाडी गेलेली. वर्गात उशिरा येणाऱ्यांना मी काय काय बोलते ते तुम्हाला माहीत नाही, पण माझ्या भाच्याला माहीत आहे. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

मग रस्त्याने गेलो. वाटेत मिठागरं लागली. आपल्याकडे पेण-उरणच्या बाजूला असतात तशीच, चौकोनी वाफ्यांत आभाळ भरून ठेवल्यासारखी.

मे क्लोंगच्या बाजारात एका गोष्टीने मला खूप हसवलं. बांबूच्या लहान गोल टोपल्यांत वाफवलेले मासे मांडलेले, आणि प्रत्येकाची मान मोडून खाली वळवलेली! या माशाचं नाव प्ला थू. आपल्या बांगड्याचा हा सख्खा चुलतभाऊ. टोपली लहान, मासा लांब, म्हणून मान वाकवून बसवतात. इथल्या माशाची ओळखच अशी सांगतात, 'तोंड रुसलेलं, मान मोडलेली'. आम्ही तो भाताबरोबर, मिरचीच्या झणझणीत चटणीला लावून खाल्ला. वहिनींनी माझ्यासाठी आधी चटणी चाखून पाहिली आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्यावरून काय ते समजा.

आणि मग अडीच वाजता ती आली.

बाजार म्हणजे रुळांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधल्या रुळांतून चालणारी माणसं. डोक्यावर कापडाची छपरं, इतकी जवळ की ऊन खाली येत नाही. लाउडस्पीकरवर सूचना झाली. भोंगा ऐकू आला. कुणी घाबरलं नाही, कुणी धावलं नाही. बांबू मागे ओढले गेले आणि एकामागून एक छपरं मिटली. एकदम डोक्यावर आभाळ! काही दुकानांच्या फळ्यांना लहान चाकं असतात. त्या फळ्या मालासकट मागे सरकल्या. पण आमच्या समोरच्या भाजीवाल्या मावशींनी आपल्या पाट्या हलवल्याच नाहीत. त्या रुळालगत जमिनीवर होत्या. गाडी माणसाच्या चालीने आली. तिचं पोट पाट्यांच्या वरून, अगदी वीतभर अंतरावरून, सावकाश सरकत गेलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि हात पुढे केला असता तर डब्याला लागला असता. (पालकांनो, मुलांचा हात घट्ट धरूनच उभं राहा हं!) शेवटचा डबा गेला, तोवर पहिल्या दुकानांची छपरं पुन्हा उघडलीही होती. या बाजाराला थाई लोक 'तलात रोम हूप' म्हणतात, म्हणजे 'छत्र्या मिटणारा बाजार'. आम्ही गेलो तेव्हा दिवसाला चार गाड्या येत होत्या आणि चार परत जात होत्या. म्हणजे दिवसातून किती वेळा छत्र्या मिटायच्या, ते तुम्हीच सांगा.

भरीत झालं नाही. वांगी मी स्वतः मोजून घेतली.

आता एक वेगळी गोष्ट. एकमेकांना जोडलेली जुळी बाळं जन्मली, की आपण त्यांना 'सयामी जुळी' म्हणतो. मीही वर्गात असंच शिकवलं होतं. हा शब्द या मे क्लोंगमधून आला, हे मला तिथे गेल्यावर कळलं. थायलंडचं जुनं नाव सयाम. १८११ साली इथल्या एका चिनी वंशाच्या कोळ्याच्या घरी दोन मुलगे झाले, चांग आणि एंग. दोघं छातीपाशी मांसाच्या एका पट्ट्याने जोडलेले. आईने त्यांना चालायला शिकवलं, पोहायलाही शिकवलं. वडील लवकर वारले, तेव्हा ही मुलं बदकाची अंडी विकून घराला हातभार लावत. रॉबर्ट हंटर नावाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने त्यांना नदीत पोहताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यात खेळ आला. १८२९ साली, सतरा-अठरा वर्षांच्या या मुलांना जहाजातून अमेरिकेला नेलं. गावोगावी तिकीट लावून लोकांना दाखवलं.

एकवीस वर्षांचे झाल्यावर त्यांनी मालकाला रामराम ठोकला आणि स्वतःचे खेळ स्वतःच करू लागले. पैसे साठवून उत्तर कॅरोलायना राज्यात शेत घेतलं. १८४३ मध्ये दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. पुढे दोन घरं झाली, तीन दिवस एकाकडे आणि तीन दिवस दुसऱ्याकडे. दोघांची मिळून एकवीस मुलं! त्यांच्या शेतावर गुलाम राबत होते, हेही सांगायला हवं. जानेवारी १८७४ मध्ये आधी चांग गेला आणि काही तासांतच एंग. पण आईला भेटायला ते परत कधीच येऊ शकले नाहीत. शहराबाहेर त्यांचा पुतळा आहे. माझा भाचा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "लोक बघायचे तेव्हा यांना काय वाटत असेल?" आता मी वर्गात 'जोडलेली जुळी' म्हणते.

संध्याकाळी अम्फवाला गेलो. इथे ओढ्याकाठी लाकडी घरं आहेत आणि शनिवार-रविवारी होड्यांमध्येच चुली पेटवून कोळंबी, माकूळ भाजून विकतात. थायलंडचा राजा दुसरा राम १७६७ साली याच अम्फवात जन्मला. तो कवी होता आणि रामायणावर त्याने नृत्यनाट्यं लिहिली. खाडीच्या तोंडाशी शिंपल्यांसाठी प्रसिद्ध असलेला डॉन होइ लॉटचा वाळूचा किनारा मात्र पाहायचा राहिला. गाडी चुकल्याची शिक्षा!

अंधार पडल्यावर आम्ही मोटारहोडीत बसलो, काजवे बघायला. नदीकाठी लाम्फू नावाची झाडं आहेत. महाराष्ट्राने २०२० साली पांढरी चिप्पी हे आपलं राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं ना, त्याच चिप्पीच्या कुळातलं हे झाड. त्यावर शेकडो काजवे बसतात, आणि नर काजवे एकाच वेळी चमकतात! सगळं झाड पेटतं, विझतं. पुन्हा पेटतं, पुन्हा विझतं. कुणी ताल धरल्यासारखं. काजव्यांच्या अळ्या काठाच्या चिखलात गोगलगायी खाऊन वाढतात, त्यामुळे झाड हवं आणि चिखलही हवा.

पण आमच्या पुढे-मागे होड्याच होड्या. सगळ्यांची इंजिनं फटफटत होती. झाडामागेच एक घर होतं. त्याच्या खिडकीत दिवा लागला आणि आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. दादाने सांगितलं, रात्री उशिरापर्यंतच्या या आवाजाला कंटाळून काठच्या काही लोकांनी आपल्या अंगणातली लाम्फूची झाडं तोडून टाकली. झाड नाही तर काजवे नाहीत, काजवे नाहीत तर होड्या नाहीत.

"म्हणजे आपण आलो म्हणून?" भाच्याने विचारलं. मी बाई असून मला पटकन उत्तर देता आलं नाही.

दादाने होडीवाल्यांना थाई भाषेत काहीतरी विनवलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. एक लांब बांबू घेऊन ते पाण्यात ढकलत राहिले. आम्ही पाचही जण गप्प होतो. बाळ अजून रडत होतं. थोड्या वेळाने थांबलं. झाड चमकत होतं. मग मागून दुसरी होडी आली, आणि खिडकीतला दिवा पुन्हा लागला.