गुडघा, क्रँक आणि वीस मिलिमीटर

स्मरणिकेसाठी लेख हवा, पण वैद्यकीय विषय नको, असे संपादक मंडळाने बजावल्यामुळे सायकलीविषयी लिहीत आहे. तरीही गुडघा मध्ये येणारच. त्याला इलाज नाही.

माझी सायकल रिकम्बंट जातीची. आरामखुर्चीसारख्या आसनावर रेलायचे, पाय समोर लांबवायचे आणि पुढच्या दांड्याच्या टोकाशी असलेली पायडले फिरवायची. डच लोक हिला ‘लिग्फीट्स’, म्हणजे पडून चालवायची सायकल म्हणतात. मेहुण्याने हॉलंडहून परतताना ती आणली आणि वडोदऱ्यात माझ्या गळ्यात घातली. माझ्या बालरुग्णांच्या मते डॉक्टरकाका झोपेत सायकल चालवतात. प्रकार मात्र जुना आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांच्या अशाच सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलीची व्याख्या अशी बांधली, की ही शर्यतीतून बाद व्हावी.

या आसनात पाठ आणि मनगटे सुखी असतात. गुडघ्याचे तसे नाही. उभ्या सायकलीवर पायडलवर फार तर आपले वजन पडते. इथे पाठीला आधार असल्याने माणूस त्याहून अधिक जोर लावू शकतो आणि तो सारा वाटीमागच्या कूर्चेवर येतो. माझा उजवा गुडघा १०५ अंशांपलीकडे वाकला की दुखू लागला होता. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने क्ष-किरण चित्र पाहून मांडीचे व्यायाम सांगितले आणि सायकल विकण्याचा सल्ला दिला. व्यायाम मी स्वीकारले. विकण्यापूर्वी मात्र गोनिओमीटर घेऊन सायकलीवर बसलो. पायडल सर्वांत जवळ येते त्या क्षणी गुडघा १०९ अंश वाकत होता. म्हणजे प्रश्न चार-पाच अंशांचा होता.

क्रँक १७० मिलिमीटरचा होता. १५० चा बसवायचे ठरवले. ही लांबी खरे तर मुलांच्या सायकलींची, तेव्हा बालरोगतज्ज्ञाला ती शोभून दिसते. गणित असे : क्रँक २० मिलिमीटरने आखूड झाला, की पाय पूर्ण लांबलेला असताना पूर्वीइतकाच ताणला जावा म्हणून पुढचा दांडा २० मिलिमीटर बाहेर काढावा लागतो. मग पायडलचा सर्वांत जवळचा बिंदू कमरेपासून तब्बल ४० मिलिमीटर दूर जातो. आखूड क्रँकने तरफ कमी पडते, म्हणून ५० दात्यांच्या चक्राऐवजी ४४ दात्यांचे घेतले. त्याच जोराने तोच चढ चढता येतो. आणखी एक गंमत पाहा. दांडा पुढे सरकल्याने चेन ४० मिलिमीटर कमी पडायला हवी होती. पण साखळी चक्राच्या निम्म्या दात्यांवर असते; सहा दाते घटले म्हणजे तीन कड्या, सुमारे ३८ मिलिमीटर, मोकळ्या झाल्या. जुनीच चेन पुरली.

क्रँक निघतोच आहे तर खुळखुळणारे बी.बी.देखील बदलावे, असे ठरले. आमच्या गल्लीतल्या चाचांच्या दुकानात कॉटर पिनवाल्या हजारो सायकली येऊन गेल्या असतील. ही पाहून ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पाना मी देतो, हात तुम्ही चालवा.” पण स्वतः शेजारी बसून राहिले. बोल्ट काढून पुलरने क्रँक ओढला, तो मुकाट्याने आला. उजव्या बाजूचा कप मात्र हलेना. इथे आटे उलटे असतात. सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. चाचांनी रात्रभर तेल मुरू दिले, सकाळी पान्याला लोखंडी नळी जोडली आणि कप कुरकुरत सुटला.

नव्या बी.बी.चे शेल ६८ मिलिमीटरचे, अॅक्सल चौकोनी. आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावले आणि पहिले चार फेरे बोटांनीच दिले. बोटांनी जात नसेल तर पान्याने मुळीच नेऊ नये. तिरपा गेलेला कप सबंध दांडा निकामी करतो. नंतर ५० ते ७० न्यूटन-मीटर इतका पीळ दिला. अॅक्सलच्या चौकोनी टोकाला ग्रीस लावावे की नाही, यावर जाणकारांत दोन पंथ आहेत आणि दोन्ही आपल्या जागी कडवे आहेत, आपल्याकडे तापावरच्या पट्ट्यांवरून आहेत तसेच. मी पुसटसे लावले.

सर्वांत नाजूक काम शेवटी आले. दांडा गोल नळीचा असल्याने तो पुढे ओढताना स्वतःभोवती फिरतो. बी.बी. किंचित जरी कलले, तरी एक पाऊल आत आणि एक बाहेर वळते. गुडघ्याला तेवढे पुरते. मागचे चाक ओळंब्यात धरून चाचांनी बी.बी. शेलवर छोटी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर यायला पाऊण तास लागला. मी मध्येच “चालेल आता” म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. मग दांड्याची पकड आवळून, क्रँक चढवून बोल्ट ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

गोनिओमीटरने पुन्हा मोजले : १०३ अंश. पहिल्या दिवशी पायडले खेळण्यातली वाटली, पाय भरभर फिरू लागले. तिसऱ्या आठवड्यात अजवा धरणापर्यंत जाऊन आलो. गुडघा बोलला नाही. पायांची बोटे मात्र अजून बधिर होतात, कारण पावले उंचावर असतात. त्यासाठी बुटाची पकड मागे सरकवून पाहतो आहे. नव्या क्रँकचे बोल्ट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात. ते चाचांनी तपासले, आणि डावा पाव फेरा घेतला.