एका सरकारचे दोन जिने

1890 साली आय.सी.एस.ची, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची, लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका बंगाली तरुणाने दोन वर्षांनी घोडेस्वारीच्या चाचणीकडे पाठ फिरवली आणि हातची नोकरी गेली. पुढे तो सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आला. हा तरुण म्हणजे अरविंद घोष.

घोड्याचे एवढे प्रस्थ का? रेल्वे आणि पक्के रस्ते नव्हते अशा जिल्ह्यात कलेक्टर हिवाळाभर तंबू टाकत गावोगाव फिरे, पीकपाणी पाही, तक्रारी ऐके. ज्याला खोगिरावर बसता येत नाही त्याला जिल्हा कसा दिसणार, असा हिशेब होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ही नोकरी वशिल्याची होती. संचालकांच्या शिफारशीने आलेली पोरसवदा मुले 'रायटर' म्हणून भरती होत. त्यांना देशाची ना भाषा येई, ना कायदा. म्हणून गव्हर्नर जनरल वेलस्लीने 1800 मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तिथे विल्यम केरी मराठीही शिकवत आणि त्यांच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. केरींचे मराठी व्याकरण 1805 साली छापले गेले ते या साहेबांच्या गरजेपोटी. 1806 पासून इंग्लंडमध्येच हेलिबरीचे कॉलेज सुरू झाले. लोकसंख्येचा सिद्धांत मांडणारे माल्थस तिथे अर्थशास्त्र शिकवत.

1855 पासून वशिला गेला, स्पर्धा आली. पण परीक्षा फक्त लंडनला! वयोमर्यादाही खाली येत गेली. 1870 च्या दशकाअखेर ती एकोणीस वर्षांवर आणली, तेव्हा हिंदी मुलांसाठी दार जवळजवळ बंदच झाले. तरी त्याआधी 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पहिले हिंदी आय.सी.एस. ठरले होते, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यातच झाली.

निवड झाल्यावर विलायतेतल्या विद्यापीठात उमेदवारी करायची: हिंदुस्थानचा कायदा, इतिहास, नेमलेल्या प्रांताची भाषा. इथे उतरल्यावर असिस्टंट कलेक्टर, पगार सुरुवातीला महिना चारशे रुपये. भाषेच्या आणि कायद्याच्या खातेनिहाय परीक्षा पुन्हा द्याव्या लागत. खरे शिक्षण मात्र कचेरीत होई. कागद कसा फिरतो आणि जमाबंदी कशी वाचायची, हे मुरलेला दफ्तरदारच नव्या साहेबाला शिकवी.

दार अरुंद, पण आत शिरल्यावर जिना आपोआप वर नेई. असिस्टंट, कलेक्टर, कमिशनर अशी वाट सेवाज्येष्ठतेने सरकत असे. अगदी वरच्या जागांसाठी तेवढी निवड होई. 1861 च्या कायद्याने महत्त्वाच्या जागा याच सेवेसाठी राखल्या होत्या. पंचवीस वर्षांनी वार्षिक हजार पौंडांचे पेन्शन मिळे. निवृत्त होताना हुद्दा लहान असो वा मोठा, रक्कम तीच.

दुसरा जिना हिंदी माणसांचा. कारकून, अव्वल कारकून, मामलेदार असे चढत फार तर डेप्युटी कलेक्टरपर्यंत पोहोचता येई. न्यायखात्यातही चित्र वेगळे नव्हते. 1871 मध्ये पुण्यात सबॉर्डिनेट जज्ज झालेल्या न्यायमूर्ती रानड्यांना हायकोर्ट गाठायला 1893 साल उजाडले. मधे 1878 मध्ये नाशिक आणि पुढे धुळे अशा बदल्याही झाल्या, कारण सरकारला त्यांच्या पुण्यातल्या सार्वजनिक कामाचा संशय येत होता.

दोन जिन्यांमधली ही भिंत हळूहळू खचली. 1918 च्या परीक्षेत चिंतामणराव देशमुख लंडनमध्ये पहिले आले. 1922 पासून हिंदुस्थानातही परीक्षा होऊ लागली. 1943 मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.

स्वातंत्र्यानंतर आय.सी.एस.ची जागा आय.ए.एस.ने घेतली. परीक्षा, उमेदवारी, जिल्ह्यातले प्रत्यक्ष काम आणि वर्षांच्या हिशेबाने बढती हा साचा मात्र बराचसा तसाच राहिला. मसुरीच्या अकादमीत नव्या अधिकाऱ्यांना आजही घोड्यावर बसायला शिकवतात.