पडद्यावरचे प्राणी, भाग 8 : घाबरट ग्रेट डेन

गेल्या आठवड्यात आपण योगी अस्वलाच्या कॉलरपाशी थांबलो होतो. एमजीएमने 1957 साली आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना टीव्हीकडे वळावं लागलं. तिथं पैसा तुटपुंजा होता. चित्रं वाचवायची तर धड स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवायचं, आणि मानेचा सांधा दिसू नये म्हणून गळ्यात काहीतरी घालायचं, हे सगळं त्या भागात येऊन गेलं. आजचा प्राणी हॅना-बार्बेरा यांच्याच स्टुडिओतला. त्याच्याही गळ्यात निळा पट्टा आहे. पण स्कूबी-डू घडला त्याच्या मुळाशी पैशाच्या चणचणीपेक्षा भीती जास्त होती: पालकांची, वाहिनीच्या साहेबांची आणि शेवटी खुद्द कुत्र्याची.

सुरुवात 1968 पासून करायला हवी. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. घराघरांतल्या पडद्यावर रोजच रक्तपात दिसत होता, आणि शनिवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या हक्काच्या वेळात, ‘स्पेस घोस्ट’, ‘हर्क्युलॉइड्स’ असली हाणामारीची कार्टून्स लागत. पालक वैतागले होते. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या काही आयांनी मुलांच्या टीव्हीसाठी एक दबावगट उभा केला, आणि वाहिन्यांनी हाणामारीतून हळूहळू अंग काढून घ्यायला सुरुवात केली.

आता त्या वेळात दाखवायचं काय? सीबीएस वाहिनीवर दिवसाच्या कार्यक्रमांची जबाबदारी फ्रेड सिल्व्हरमन यांच्याकडे होती. ‘आर्ची’ या कॉमिक्सवरची, बँड वाजवणाऱ्या पोरांची मालिका त्यांनी नुकतीच आणली होती आणि ती जोरात चालली होती. त्यांना तसंच आणखी एक हवं होतं, फक्त त्यात रहस्य असावं. रेडिओच्या काळातल्या रहस्यमालिका त्यांच्या डोक्यात होत्या. काम हॅना-बार्बेराकडे आलं आणि तिथं ते जो रूबी आणि केन स्पिअर्स या दोघांवर सोपवलं गेलं. दोघेही मूळचे संकलन विभागातले, तिथून लेखनाकडे आलेले. दृश्य कुठं कापायचं हे हाताला माहीत असलेली माणसं लिहायला बसली की संहिता आटोपशीर येते, आणि या मालिकेत ते जाणवतं.

पहिल्या आराखड्याचं नाव होतं ‘मिस्टरीज फाइव्ह’. पाच पोरांचा बँड, गाण्याच्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळात भुताखेतांचा छडा लावणारा. त्यांच्या कुत्र्याचं नाव ‘टू मच’, आणि तो बँडमध्ये बाँगो वाजवायचा. म्हणजे आजचा नायक तेव्हा मागच्या रांगेत होता. कुत्रा लहानखुरा पण खुनशी असावा की धिप्पाड पण घाबरट, यावर खल झाला आणि दुसरा पर्याय ठरला. मग जात कोणती? ग्रेट डेन घ्यावा, तर वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीतला मार्मड्यूक आधीच ग्रेट डेन. म्हणून केसाळ शीपडॉग ठरला. पण तो आर्चीच्या कुत्र्यासारखा दिसायला लागला. शेवटी बार्बेरांनी मार्मड्यूकची काळजी सोडायला सांगितलं आणि स्वारी पुन्हा ग्रेट डेनवर आली. नावात डेन असला तरी ही जात मुळात जर्मनीची. रानडुकरांच्या शिकारीला सोडायचा हा कुत्रा, आणि त्याला सावलीला घाबरायला लावायचं होतं.

ही जबाबदारी इवाओ टाकामोटो यांच्याकडे आली. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कार्टूनच्या इतिहासात अशी माणसं श्रेयनामावलीच्या मधल्या ओळींतच राहतात. त्यांचा जन्म 1925 चा, लॉस एंजेलिसचा, आईवडील हिरोशिमाकडून आलेले. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने स्वतःच्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यात हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या मँझनारच्या छावणीत गेलं. हॉलिवूडमध्ये कलादिग्दर्शनाचं काम केलेले दोघेजण तिथंच बंदिवासात होते. त्यांच्याकडे पाहून, त्यांना विचारून या पोराने चित्रकला शिकून घेतली. 1945 मध्ये चित्रांच्या वह्या घेऊन तो डिस्नेमध्ये गेला आणि त्याला नोकरी मिळाली. ‘सिंड्रेला’, ‘लेडी अँड द ट्रॅम्प’, ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या चित्रपटांवर त्यांचा हात फिरला आहे. शेवटचे दोन तर कुत्र्यांचेच. 1961 मध्ये ते हॅना-बार्बेरात आले, तेव्हा कुत्र्याचं शरीर त्यांना आतून-बाहेरून पाठ होतं.

स्टुडिओतच काम करणारी एक बाई ग्रेट डेनची पैदास करायची. टाकामोटोंनी तिला गाठून विचारलं, उत्तम ग्रेट डेन ओळखायचा कसा? तिने हौसेने सगळी लक्षणं सांगितली: पाठ ताठ, पाय सरळ, हनुवटी छोटी, आणखीही बरंच काही. ते सगळं ऐकून घेऊन टाकामोटोंनी जागेवर येऊन बरोबर उलटं काढलं. पाठीला पोक आणि मागे उतार दिला, पाय फेंगडे केले, हनुवटी लांबवली. रंगही खऱ्या कुत्र्याचा ठेवला नाही.

आता हे चित्र जरा जवळून पाहा. उतरत्या पाठीमुळे कुत्र्याचं मागचं अंग कायम बसायच्या बेतात असल्यासारखं दिसतं, जणू पळायची तयारी आधीच झाली आहे. फेंगड्या पायांमुळे गुडघे एकमेकांवर आपटवून थरथर दाखवणं सोपं जातं. सरळ पायांच्या ऐटदार कुत्र्याची थरथर खोटी वाटली असती. लांब हनुवटीमुळे तोंड उघडलं की जबडा थेट छातीपर्यंत लोंबतो, त्यामुळे किंचाळी मूक असली तरी दिसते. म्हणजे प्रदर्शनात ज्या खोडींवरून हा कुत्रा पहिल्याच फेरीत बाद झाला असता, त्यातली प्रत्येक खोड भीती दाखवण्याच्या कामी आली. कमी चित्रांत काम भागवायचं असेल तर अभिनयाचा बराच भाग आकारातच भरून ठेवावा लागतो. टाकामोटोंनी तो कसा भरला आहे हे पाहिलं की मला हे रेखाटन हॅना-बार्बेराच्या सगळ्या कामात अव्वल वाटतं.

आराखडा पुढे ‘हूज स्केअर्ड?’ या धर्तीचं नाव घेऊन सीबीएसच्या वरिष्ठांपुढे गेला आणि आपटला. अध्यक्ष फ्रँक स्टँटन आणि इतरांचं म्हणणं, ही चित्रं मुलांना फारच भेदरवतील. सिल्व्हरमनची पंचाईत झाली, कारण शनिवार सकाळच्या वेळापत्रकात त्या जागी दुसरं काहीच नव्हतं. पुढचा किस्सा सिल्व्हरमन स्वतः सांगत. रात्रीच्या विमानप्रवासात ते फ्रँक सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ ऐकत होते. गाण्याच्या शेवटी शब्द संपल्यावर सिनात्रा काही निरर्थक बोल गुणगुणतो. त्या बोलांवरून त्यांना कुत्र्याचं नाव सुचलं, आणि त्याबरोबर तोडगाही: कुत्र्यालाच पुढे आणायचं, गंमत वाढवायची. बँड गळाला, बाँगो गेले. ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ 13 सप्टेंबर 1969 च्या शनिवारी सकाळी सुरू झाली.

या तोडग्याची मला वाटणारी खुबी अशी की भुतं, पडके वाडे, धुकं यातलं काहीच कमी करावं लागलं नाही. पार्श्वभूमीची चित्रं वॉल्ट पेरेगॉय यांच्या देखरेखीखाली तयार झाली. हेही ‘डाल्मेशियन्स’चेच चित्रकार. निळसर-हिरवी रात्र, वाकड्या खिडक्या, जळमटं, सगळं चांगलं अंगावर येणारं आहे. वरिष्ठ ज्याला घाबरले ते सगळं पडद्यावर राहिलंच. फक्त प्रेक्षक आणि भूत यांच्या मध्ये आपल्याहून जास्त घाबरणारा एक भलामोठा प्राणी उभा राहिला. सहा वर्षांच्या मुलाला घाबरण्याची लाज वाटते. इथं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं जनावर छडा लावणाऱ्या पोरांच्या टोळीतल्या शॅगीच्या कडेवर उडी मारून बसतं. मग मूल त्याला हसतं, आणि हसता हसता पडद्याकडे पाहत राहतं. शेवटी मुखवटा ओढला की आत कुणीतरी जमिनीच्या किंवा पैशाच्या लोभाने नाटक करणारा माणूस निघतो. मूळ मालिकेच्या 25 भागांत हा साचा फारसा बदलत नाही, आणि लहान मुलांना तो बदलायला नकोच असतो.

कुत्र्याचा आवाज डॉन मेसिक यांचा. ते मूळचे शब्दभ्रमकार, बाहुलीला बोलवणारे. योगीचा छोटा सोबती बू-बू त्यांचाच, आणि मट्ली कुत्र्याचं धापा टाकत येणारं ते खिसखिसणंही. ‘जेट्सन्स’मधल्या अ‍ॅस्ट्रो कुत्र्यासाठी त्यांनी 1962 मध्येच एक युक्ती काढली होती: शब्दाची सुरुवात काढून टाकायची आणि तिथं घशातून गुरगुरता ‘र’ घालायचा. शॅगी मग ‘रॅगी’ होतो. कुत्रा बोलतो तर खरा, पण त्याच्या तोंडाला ते जड जातंय हे प्रत्येक शब्दात कळतं. घाबरला की तो ‘र’ लांबतो, कापतो. आपल्याकडे 1995 मध्ये केबलवर कार्टून नेटवर्क आलं ते आधी इंग्रजीतच. इयत्ता दुसरी-तिसरीतल्या मराठी पोरांना संवाद कळत नसत, पण त्या ‘र’वरून भूत किती जवळ आलं आहे ते बरोबर कळायचं.

शॅगीला आवाज देणारे केसी केसम कट्टर शाकाहारी होते. बर्गरच्या एका जाहिरातीत शॅगी म्हणून बोलायला सांगितलं, तेव्हा नव्वदच्या दशकात त्यांनी ही भूमिकाच सोडली. 2002 मध्ये ते परतले ते शॅगी यापुढे मांस खाणार नाही या बोलीवर. खादाड पात्राच्या ताटात काय वाढायचं यासाठी इतका आग्रह धरणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मालिका थकली. ती तोवर एबीसी वाहिनीवर गेली होती आणि बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा 1979 मध्ये स्कूबीचा भाचा स्क्रॅपी-डू आणला गेला: इवलासा, छाती पुढे काढून भुतावर धावून जाणारा. अकरा वर्षांपूर्वी नाकारलेला ‘लहान पण खुनशी कुत्रा’ अखेर आलाच. प्रेक्षकसंख्या वाढली, मालिका तगली, हे मान्य करायला हवं. पण जुन्या चाहत्यांचा त्याच्यावरचा राग इतका टिकला की 2002 च्या चित्रपटात त्यालाच खलनायक केलं गेलं. हा राग मला समजतो. जो कशालाच घाबरत नाही तो पडद्यावर आला की भुताचा दरारा संपतो, आणि दरारा संपला की स्कूबीच्या थरथरण्याला काही कारण उरत नाही. नुसता भेकड म्हातारा मामा उरतो.

1988 मध्ये स्कूबीला पिल्लू करून नवी मालिका आली, तेव्हाही आवाज मेसिकच देत होते. 1996 मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मध्ये इतरांनी ही भूमिका केली. 2002 पासून ती फ्रँक वेल्कर यांच्याकडे आली. वेल्कर हे टोळीचा म्होरक्या फ्रेड याचा आवाज 1969 च्या पहिल्या भागापासून देत आले आहेत. तेव्हापासून फ्रेड कुत्र्याला ‘जा, तो दरवाजा उघड’ म्हणतो आणि कुत्रा थरथरत नकार देतो, तेव्हा हुकूम आणि नकार दोन्ही एकाच माणसाच्या घशातून निघत असतात.

(पुढील आठवड्यात : स्कूबीच्या बरोबर एक आठवडा आधी, 6 सप्टेंबर 1969 रोजी टीव्हीवर आलेला आणि जवळजवळ काहीच न बोलणारा पिंक पँथर.)